ऐकू येतं, पण कळत नाही

गेल्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात झाले होते, शेवटचा पेशंट गेला होता आणि मी दिवसभराच्या फायली पुढ्यात घेऊन बसले होते. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. माझ्या श्रवणचाचणीच्या क्लिनिकमध्ये आठ महिन्यांपासून काम करणारी मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. हातात ते प्लास्टिकचं फोल्डर, ज्यात आपण सगळेच गुणपत्रिका ठेवतो. "मॅडम, मास्टर्सचे फॉर्म सुटलेत. भरू का?" मी विचारलं, "किती आहेत गं तुला?" ती म्हणाली, "छप्पन पॉइंट चार." आणि मी फायलीवरची नजर न काढता म्हणाले, "छप्पनवर कुठं मिळणार गं?" ती "हो मॅडम" म्हणाली. तिनं ऑडिओमीटर बंद केला, हेडफोन खुंटीला अडकवला, चाचणीच्या आवाजबंद बूथमधला दिवा मालवला. बूथच्या जाड दाराची खिट्टी लागल्याचा तो दबका आवाज आला आणि ती छत्री उघडून खोलीवर गेली.

एवढंच.

रात्री भाकरी थापताना मात्र ते "हो मॅडम" परत परत ऐकू यायला लागलं. माणसाच्या आवाजावर माझं पोट चालतं. दोन शब्दांत सूर किती खाली उतरला, श्वास कुठं तुटला, हे ओळखायचं मला शिकवलेलं आहे आणि मीही पुढे मुलांना शिकवलेलं आहे. त्या दोन शब्दांत तिचा आवाज "हो"वर नीट होता आणि "मॅडम"च्या शेवटी विझून गेला होता. हे मी तेव्हाच ऐकलं होतं. कानावर पडलं होतं, आणि तरीही मी पुढची फाईल उघडली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठं मी भानावर आले.

मला स्वतःला सत्तावन्न टक्के होते.

तासगावजवळच्या आमच्या गावातून मी मुंबईला शिकायला गेले तेव्हा बारावीच्या मार्कांचं गावात कौतुक झालं होतं. वाचा आणि श्रवणाचं शिक्षण म्हणजे नक्की काय, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. "बहिऱ्या-मुक्या मुलांना शिकवायचं" असं आई शेजारणींना सांगायची. पहिल्याच आठवड्यात ध्वनिशास्त्राचा तास झाला. सरांचा आवाज स्वच्छ, खणखणीत. फळ्यावर एक लाट काढलेली. फेज, रेझोनन्स, इंपीडन्स असे शब्द एकामागून एक येत होते आणि मी ते देवनागरीत वहीत उतरवून घेत होते, कारण स्पेलिंग येत नव्हतं. आज माझ्याकडे येणारे म्हातारे पेशंट खुर्चीत बसता बसता जे वाक्य बोलतात, अगदी तेच वाक्य तेव्हा माझ्या मनात होतं. ऐकू येतं, पण कळत नाही. त्यांच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ मला लगेच लागतो. खालच्या पट्टीतले स्वर शाबूत आहेत, वरच्या पट्टीतले स, श, त निसटताहेत. शब्दाचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. माझ्या बाबतीत मात्र कुणी तो अर्थ लावला नाही आणि मीही कुणाला काही विचारलं नाही. हात वर करायचा म्हणजे इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलायचं. ते वाक्य मनात जुळेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असायचे.

दुसऱ्या वर्षी एटीकेटी लागली. सायकोअकूस्टिक्सच्या, म्हणजे आवाज माणसाला कसा जाणवतो त्या विषयाच्या पेपरात मी चार पानं लिहून उठले होते. दुपारी मुली लेक्चरला जायच्या आणि मी हॉस्टेलच्या खोलीत पंख्याकडे बघत पडून राहायची. घरी सगळं ठीक होतं. आई-दादा धडधाकट होते, त्या वर्षी द्राक्षाला भावही बरा मिळाला होता, दर महिन्याच्या पाच तारखेला मनीऑर्डर यायची. हे मुद्दाम सांगते आहे. कमी मार्कांमागे काही मोठं दुःख असलं की ते सांगता येतं, लोक ऐकूनही घेतात. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नुसतं समजत नव्हतं, आणि समजत नाही म्हणून लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून जात नव्हते. क्लिनिकमध्ये मात्र मी रमायची. साडेतीन वर्षांचं पोर मांडीवर घ्यायचं, हाताच्या पंजानं तोंड झाकायचं म्हणजे त्याला ओठ दिसणार नाहीत, आणि एकेक आवाज काढायचा: म, ऊ, आ, ई, श, स. या सहा ध्वनींत बोलण्याचा जवळजवळ सगळा पट्टा येतो. श्रवणयंत्र लावलेलं मूल "श"ला मान वळवायचं तेव्हा मला त्यामागची हर्ट्झची गणितं सांगता आली नसती, पण अंगावर काटा यायचा.

२००७ साली मास्टर्ससाठी मी पाच ठिकाणी अर्ज केले. तेव्हा सगळं कागदावर. बँकेत रांग लावून डीडी काढायचा, गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का घ्यायचा, पाकीट रजिस्टर करून पावती जपून ठेवायची. एटीकेटीची गुणपत्रिका दोन पानांची होते. ते जादाचं पान त्या अधिकाऱ्यांपुढे ठेवताना माझे कान तापायचे. पाचपैकी तीन ठिकाणांहून काहीच आलं नाही. चौथ्या ठिकाणच्या यादीत नाव नव्हतं. पाचवं कर्नाटकातलं एक कॉलेज, तिथं मुलाखतीला बोलावलं. रात्रभर एसटीत बसून गेले. टेबलापलीकडे तिघंजण. त्यातल्या एका बाईंनी गुणपत्रिका उलटसुलट बघितली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, दुसऱ्या वर्षी काय झालं?

मी म्हणाले, माझी आई आजारी होती.

त्या बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी आईला आता कसं आहे ते विचारलं. मी म्हणाले, आता बरी आहे. मला प्रवेश मिळाला. आई तेव्हा गावी बागेत छाटणीवर होती. परत येताना मी मिरजेच्या स्टँडवर उतरून तिच्यासाठी बांगड्या घेतल्या. का घेतल्या, ते तिला आजवर सांगितलेलं नाही.

आमच्या कामात पन्नास टक्क्यांना फार मान आहे. श्रवणचाचणीत आम्ही १००० हर्ट्झपासून सुरुवात करतो. आवाज ऐकू आला की १० डेसिबल खाली उतरायचं, ऐकू येईनासा झाला की ५-५ डेसिबल वर चढायचं. असं खालीवर करत ज्या सगळ्यात हळू आवाजाला माणूस निदान निम्म्या वेळा बटण दाबतो, ती पातळी त्याची श्रवणसीमा म्हणून तक्त्यावर मांडायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. म्हणजे त्या आवाजाला तो निम्म्या वेळा चुकला, तरी "याला हे ऐकू येतं" असंच आम्ही लिहितो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जराशी बसले होते. आणखी एक गोष्ट तिथं शिकवतात. आवाज दिलेलाच नसताना पेशंट बटण दाबतो. तो लबाडी करत नसतो. त्याला चाचणी चांगली द्यायची असते, आपल्याला समोरच्यानं बरं म्हणावं असं वाटत असतं. असा पेशंट आला की रागवायचं नाही. पुन्हा नीट समजावून सांगायचं, की बाबा, ऐकू आलं तरच दाब. मी दर आठवड्याला कुणाला तरी हे समजावते, आणि दर वेळी मला ते तीन माणसांचं टेबल आठवतं.

इथले, म्हणजे मिरजेचे, एक सतारवाले चाचा आहेत. सतारमेकर गल्लीत त्यांचं दुकान. पंढरपूर भागातून आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले, तुणीच्या लाकडाचा भुसा, लाखेचा वास. बोलणं नीट कळेना म्हणून सून त्यांना माझ्याकडे घेऊन आली. चाचांना बोलण्याचं फार काही वाटत नव्हतं. त्यांची तक्रार एकच: "जवारी कळंना झालीय." जवारी म्हणजे घोडीच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पृष्ठभागाला इतक्या हलक्या हातानं कानस मारायची, की तार तिला निसटता स्पर्श करत थरथरावी आणि मूळ सुरावर बारीक वरचे स्वर उमलावेत. हे सगळं कानावर चालतं. आणि वयानं पहिलं काय जातं, तर तेच वरचे स्वर.

त्यांची चाचणी माझ्या मुलीनं घेतली. हो, माझी मुलगी असंच म्हणते मी मनात. मी बाहेरून बघत होते. चाचांचं बटण फार सुंदर पडत होतं, अगदी ८००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीलासुद्धा. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला ८००० हर्ट्झचा इतका हळू आवाज ऐकू यावा, याचं मला नवल वाटलं आणि जरा आनंदही झाला. ती मात्र थांबली. तिनं हात डायलवरून काढला आणि काहीच केलं नाही. पाच सेकंद, सात सेकंद. बूथमध्ये चाचांनी बटण दाबलं. आवाज नव्हताच. मग ती दार उघडून आत गेली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "चाचा, तुम्ही ताल धरलाय." चाचा हसायला लागले. जन्मभर लय अंगात भिनलेला माणूस, दोन-तीन सारखे ठोके पडले की पुढचा कधी पडणार हे त्यांच्या बोटाला आपोआप कळत होतं. तिनं पुन्हा चाचणी घेतली, आवाजांमधलं अंतर वेडंवाकडं ठेवून. तेव्हा खरा आलेख निघाला: २००० हर्ट्झपासून पुढे उतरत गेलेला, पायऱ्या उतरल्यासारखा.

इथं थांबले असते तर गोष्ट सोपी होती. पोरगी हुशार आहे, मार्क कमी पडले, मार्कांत काय ठेवलंय. पण तिच्याच हातची दुसरी एक फाईल आहे. लहानपणी गालफुगीनं डाव्या कानाचं ऐकू येणं गेलेली नऊ वर्षांची मुलगी. उजवा कान उत्तम. हिनं डाव्या कानाचा आलेख काढला तो साधारण ६० डेसिबलवर, आणि खाली श्रवणयंत्राची शिफारस लिहिली. तो आलेख डाव्या कानाचा नव्हताच. डाव्या कानात मोठा आवाज सोडला की तो कवटीतून पलीकडे जातो. हेडफोनवर वाटेत साधारण ४० डेसिबलच्या पुढे काहीतरी खर्ची पडतं, आणि उरलेला आवाज चांगला कान ऐकतो. बटण दाबलं जातं, आपल्याला वाटतं डाव्यानं ऐकलं. ती चांगल्या कानाची सावली असते. म्हणून चाचणी चालू असताना चांगल्या कानात सळसळ सोडून त्याला गुंतवून ठेवायचं असतं. याला मास्किंग म्हणतात. ती सळसळ किती द्यायची, कुठवर वाढवायची, कमी झाली तर काय आणि जास्त झाली तर काय, यावर आमची निम्मी मुलं पदवीत अडखळतात. हूड या श्रवणतज्ज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली पठाराची पद्धत आहे, सळसळ वाढवत न्यायची आणि उत्तर हलायचं थांबलं की ते पठार; ती समजली की सगळं लख्ख होतं, पण समजेपर्यंत नुसती आकड्यांची भिंत. मी फाईल वेळेत बघितली म्हणून, नाहीतर एका घरानं कर्ज काढून बहिऱ्या कानावर यंत्र बसवलं असतं. तिच्या गुणपत्रिकेत नेमक्या त्याच विषयाला सर्वांत कमी मार्क आहेत. तेव्हा, मार्क खोटं बोलत होते असं मला म्हणता येत नाही. माझेही बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिनं फॉर्मचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मीच दुपारच्या डब्याला तिला समोर बसवलं आणि म्हणाले, त्या दिवशी मी तुला नीट उत्तर दिलं नाही. मग जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. बहुतेक ठिकाणी पंचावन्नची अट असते, तू त्याच्या वर आहेस. म्हणजे दार बंद नाही. जिथं पदवीच्या मार्कांवरच यादी लागते तिथं पैसे घालवू नकोस. मैसूरच्या संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षेवर निवड होते, तिथं तुझे छप्पन आणि दुसरीचे अठ्ठ्याहत्तर एकाच दारातून आत जातात. पण त्या परीक्षेत मास्किंगवरचे प्रश्न येणारच. आणि यंदा नाही झालं तरी तुझी काम करायला लागणारी पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे, तू हातावर हात धरून बसणार नाहीस. फक्त पुढे शिकवायचं असेल किंवा मोठ्या रुग्णालयात जायचं असेल तर मास्टर्स लागेल. ती भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होती. मग म्हणाली, "एका खासगी विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये पत्र लिहायला सांगितलंय मॅडम. मार्क कमी असतील तर कारण द्या म्हणून. घरची अडचण लिहू का? सगळे तेच लिहितात."

तिचे वडील जत तालुक्यात शाळेवर शिपाई आहेत. आई मागच्या महिन्यात इथं येऊन गेली, शेंगदाण्याची चटणी देऊन गेली. घर साधं आहे, पण तिच्या शिक्षणाला घरानं काही कमी पडू दिलेलं नाही. हे तिनंच मला अभिमानानं सांगितलेलं.

मी तिला कर्नाटकातलं ते टेबल सांगितलं. आजवर नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेलं नव्हतं. त्या बाईंचा मऊ झालेला चेहरा, त्यांनी आईची केलेली चौकशी, बांगड्या. दोन वर्षं त्या बाई मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या की "आई कशी आहे?" विचारायच्या आणि मी "बरी आहे मॅडम" म्हणायची, तेही सांगितलं. त्या खोटेपणानं मला प्रवेश मिळाला की तसाही मिळाला असता, हे मला कधीच कळणार नाही. त्या जागेवर दुसरी कुणी बसली असती का, हेही नाही. आज माझ्या दारावर पाटी आहे, मुलं "श"ला मान वळवतात, आणि या सगळ्याच्या मुळाशी कुठंतरी ते एक वाक्य आहे. मला त्याचा पश्चात्ताप आहे, आणि ही पाटी नसती तर बरं झालं असतं असंही मला वाटत नाही. दोन्ही खरं आहे. बोलता बोलता माझा आवाज कापायला लागला होता. ती काही बोलली नाही. मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "मग काय लिहू?"

मी विचारलं, "काय झालं होतं?" आणि या वेळी थांबले. टेबलावर फायली होत्या, त्यांना हात लावला नाही. बराच वेळ गेला. खाली रस्त्यावरून रिक्षा गेल्या, समोरच्या दुकानाचं शटर पडलं. "समजत नव्हतं मॅडम," ती म्हणाली. "आणि विचारलं की सगळे वळून बघायचे." परत थांबली. "मास्किंग तर अजून समजत नाही. आठ महिने मी तुमच्यापुढे समजल्यासारखं करतीय."

पत्र तिनं स्वतः लिहिलं. कुठल्या विषयात काय अडलं, हे तिनं नावानिशी लिहिलं. गालफुगीच्या मुलीची फाईल लिहिली, स्वतःची चूक म्हणून. चाचांचा ताल मात्र तिनं लिहिला नव्हता. तो मी माझ्या शिफारसपत्रात घातला, आणि फाईलचंही मी लपवलं नाही. असलं पत्र वाचून समोरचे काय ठरवतील, याची मला धास्ती आहे. खरं सांगून तिचं नुकसान झालं तर त्यातला अर्धा वाटा माझा. रात्री दोनदा उठून मी ते पत्र वाचलं, एक वाक्य सौम्य करावं असं वाटलं, आणि तसंच ठेवलं.

फॉर्म भरून झाले त्या दिवसापासून आम्ही रोज संध्याकाळी क्लिनिक बंद झाल्यावर अर्धा तास बसतो. मी बूथमध्ये पेशंट होऊन बसते, एका कानात कापसाचा बोळा घट्ट घालून, म्हणजे तो कान जरा अधू होतो. ती काचेपलीकडे. काल तिनं माझ्या चांगल्या कानात सळसळ सोडली, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. मग दहानं वाढवली. परत दहानं. काचेतून तिचे ओठ दिसत होते, ती आकडे पुटपुटत होती, कागदावर काहीतरी खोडत होती. पाऊस वाढत गेला. तिनं वर बघितलं, माझ्या हाताकडे. तिला वाटत होतं की आता यायला हवं. मलाही फार वाटत होतं. बटणावर अंगठा ठेवून मी वाट बघत राहिले. दाबलं नाही, कारण अजून ऐकू आलं नव्हतं.